कर्नलचा इशारा पचवण्याचे खात्रीशीर उपाय

सर्व्हर सांभाळणारे, सांभाळायला लावणारे आणि त्यांची बिलं मंजूर करणारे अशा सर्व सज्जनांच्या सोयीसाठी, गेल्या शनिवारच्या रात्री हाती लागलेलं ज्ञान खाली देत आहे.

लिनक्स कर्नलमधलं, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, काहीतरी बंद होणार, अशी आवई अधूनमधून उठतच असते. सध्या जुन्या सीग्रुपची, म्हणजे व्ही १ ची, गच्छंती चालू आहे. कुठला कंटेनर (एकाच मशीनवर वेगळ्या डब्यात चालणारा प्रोग्राम) किती मेमरी खातो त्याचा हिशोब ठेवणारा हा मुनीम २००८ पासून नोकरीला आहे. त्याच्या जागी आलेला व्ही २ अधिकृत झाला २०१६ मध्ये, कर्नल ४.५ बरोबर. म्हणजे आपल्याला तयारीला जेमतेम दहा वर्षं मिळाली. एवढ्यात काय होतं हो?

तर पहिला उपाय: लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचू नका. कर्नलच्या स्वतःच्या मेमरीवर वेगळी मर्यादा घालणारी 'केमेम लिमिट' नावाची एक फाइल होती. २०१९ पासून, म्हणजे ५.४ पासून, तिच्यात कोणी काही लिहिलं की लॉगमध्ये एक ओळ यायची: ही सोय जाणार आहे, लागत असेल तर कळवा. ही ओळ एका बूटमागे एकदाच येते. आणि आपण तर 'सर्व्हर नऊशे दिवस बंद पडला नाही'चा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून अंगठे गोळा करणारी माणसं. नऊशे दिवसांत एक ओळ! ती नजरेतून सुटली तर आपला काय दोष? (कर्नलवाल्यांनाही एक शाबासकी. जिथे कोणी फिरकत नाही तिथे नोटीस चिकटवायची ही कला सरकारी कचेऱ्यांनंतर त्यांनाच जमली.)

दुसरा: 'कळवा' म्हणाले तरी कळवू नका. फाइल गेली की मग बोंब मारा. हा उपाय हमखास लागू पडतो, २०२३ मध्ये पडला आहे. त्या मर्यादेचं काम आधीच बंद केलं होतं, फाइलमध्ये लिहायला गेलं की एरर मिळायची. मग २०२३ मध्ये फाइलच काढली. तर काही जुनी कंटेनरवाली सॉफ्टवेअरं फाइल जागेवर दिसत नाही म्हणून कोलमडली. त्यांना मर्यादेशी देणंघेणं नव्हतं, फाइल 'असावी' एवढंच हवं होतं. बरं, नुसती परत ठेवावी तर दुसऱ्या काही सॉफ्टवेअरना लिहिताना येणारी ती एरर सोसत नव्हती. शेवटी तोडगा निघाला: फाइल ठेवली, तिच्यात हवं ते लिहा, ती 'बरं' म्हणते आणि काहीही करत नाही. लॉगमध्ये मात्र तसं सांगते. लॉगचं काय करायचं ते वर आलंच आहे.

तिसरा: टेस्ट सर्व्हरवर जुनंच राहू द्या, तिथे काही बिघडता कामा नये.

चौथा: व्हेंडर म्हणेल ते ऐका. आमचा प्रॉडक्शन सर्व्हर नव्या ओएसवर गेला आणि त्याबरोबर व्ही २ वर. शनिवारी रात्री पावणेदहाला, मेहुण्याच्या घरी पानावर बसलो असताना, फोन. कंटेनर मरतोय, उठतोय, अर्ध्या-पाऊण तासाने परत मरतोय. एक्झिट कोड १३७. म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा ठार मारण्याचा सिग्नल, म्हणजे कर्नलने मान पिरगाळली. आत काय होतं? २०१८ मधला जावा ८. तो मेमरीची मर्यादा व्ही १ च्या जुन्या पत्त्यावर शोधतो. तिथे कोणी नाही म्हटल्यावर त्याला वाटतं आपण कंटेनरमध्ये नाहीच, अख्खं मशीन आपल्या बापाचं. मशीन ६४ जीबीचं, नियमाने चौथा हिस्सा १६ जीबी, तेवढा हीप (जावा स्वतःच्या डेटासाठी घेतो ती मेमरी) आपलाच. कंटेनरची मर्यादा होती २ जीबी! हे मी कॉलवर दोनदा सांगितलं. व्हेंडरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, रॅम वाढवा."

वाढवली. मी नाही, माझ्या साहेबांनी, मला न विचारता. ६४ ची १२८ केली. आता जावाला ३२ जीबी आपलेच वाटू लागले. मर्यादा २ जीबीच. कंटेनर पुन्हा गेला आणि कॉलवर कोणीतरी म्हणालं, "अजून वाढवून बघू या का?"

पहाटे तीनला मी जावाच्या कमांडमध्ये हीपची मर्यादा हाताने लिहिली. एक शब्द. त्यानंतर तो मुकाट चालतोय. सोमवारच्या रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं: 'मेमरी अपुरी'. उपाय: 'रॅम वाढवली'.

पाचवा: जुनं सक्तीने चालू ठेवणारा स्विच शोधा. २०२४ मध्ये सिस्टिमडी (बूट झाल्यावर बाकी सगळं चालू करणारा प्रोग्राम) २५६ ने व्ही १ वर बूट करायला नकार दिला, तरी 'फोर्स' लिहिलं की चालायचं. आमच्या दुसऱ्या टीमने तेच केलं आणि टिकेट 'सोडवलं' म्हणून बंद केलं. २०२५ मध्ये २५८ आला आणि व्ही १ पूर्ण गेला. आता कुठला स्विच दाबणार आहात? घरातल्या पंख्याचा?

जाऊ द्या. मला नाही जमत हे गोड बोलणं. जावा ८ मध्ये व्ही २ ची समज ८यू३७२ या अपडेटमध्ये आली, २०२३ साली. फुकट. बेस इमेजची (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्याची) एक ओळ बदलायची आणि नव्याने बिल्ड करायचं, तासाभराचं काम. हे सांगणारा मेल मी जून आणि सप्टेंबरमध्ये पाठवला होता, दोन्ही वेळा 'नोटेड' असं उत्तर आलं. काय नोट केलंत? दुप्पट रॅमचं भाडं दर महिन्याला भराल, पण एका माणसाला एक दिवस जुन्या इमेज तपासायला देणार नाही. आणि कर्नलवाल्यांना शिव्या देताय? त्यांनी तुमच्यासारख्यांसाठी मेलेली फाइल परत आणून ठेवली, याहून जास्त कोण करतं?

उरलेले चार सर्व्हर येत्या शनिवारी नव्या ओएसवर जाणार आहेत. कुठल्या कंटेनरमध्ये जावाची कुठली आवृत्ती आहे, ती यादी मला गुरुवार संध्याकाळपर्यंत हवी. फोन लागणार नाही, मेलवर पाठवा.