ओएनटीचा दिवा हिरवा आहे का?

भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबलने इंटरनेट पोहोचवण्याची सरकारी योजना. तिच्याबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. आशय असा : सगळ्या ग्रामपंचायतींत फायबर पोहोचलं, तिथे १०० एमबीपीएस मिळतं, स्वस्त मोबाइल डेटा घरोघरी आहे, कोट्यवधींना प्रशिक्षण दिलं, तेव्हा डिजिटल दरी मिटली, आणि जो मागे राहिला तो स्वतःच्या आळसामुळे. काम मोठं झालं आहे, ते नाकारू नये. पण हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि गावकऱ्यांवर अन्याय करणारा आहे.

सगळ्या पंचायतींत पोहोचलं, हा पहिला दावा. योजना ऑक्टोबर २०११मध्ये मंजूर झाली. उद्दिष्ट सुमारे २ लाख ६४ हजार पंचायतींचं, आणि ‘सर्व्हिस रेडी’ झाल्या त्या २ लाख १४ हजारांच्या आसपास. या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. केबल आली, कार्यालयात ओएनटी, म्हणजे केबलमधून आलेल्या प्रकाशाचं इंटरनेट जोडणीत रूपांतर करणारं यंत्र, बसलं, चाचणीत सिग्नल मिळाला, की पंचायत सज्ज म्हणून नोंदली जाते. ते यंत्र आज चालू आहे का, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

बंद पडण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघालेली केबल बहुतेक ठिकाणी एकामागून एक पंचायती घेत सरळ पुढे गेली. काही अंतर तर बीएसएनएलच्या आधीच्याच फायबरवरून. रस्ता रुंद करताना किंवा नळयोजनेची चारी खणताना जेसीबीने ती तोडली, की पुढच्या सगळ्या पंचायती एकदम बंद, कारण सिग्नलला दुसरी वाटच नाही. केबल १.६५ मीटर खोल हवी. कातळात तेवढं खणता येत नाही. तिथे लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं कवच द्यावं लागतं, आणि ते टाळलं तिथे केबल आधी तुटते. तुटलेली जोडली तरी जोड कच्चा राहिला तर प्रकाश कमी पोहोचतो. साधारण उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) खाली गेला की ओएनटीला तो ओळखता येत नाही. फायबर शाबूत असूनही वीज नाही, बॅटरी संपलेली, कार्यालयाला कुलूप, हेही आहेच.

हे सरकारलाही मान्य आहे. ऑगस्ट २०२३मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात केबलची रिंग करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने सिग्नल येईल. सोबत दहा वर्षांची देखभाल. सगळं सुरळीत असतं तर याची गरज पडली नसती.

पंचायत म्हणजे गाव, हे गृहीतकही चुकीचं. उरलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना याच नव्या कार्यक्रमात मागणीनुसार जोडणी द्यायची आहे. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावं असतात. धडगाव किंवा मेळघाटात पाडे डोंगरभर विखुरलेले. कार्यालयातलं वाय-फाय समोरच्या चौकापलीकडे फारसं जात नाही. घरापर्यंतची शेवटची केबल कोण टाकणार, दुरुस्ती कोण करणार, हे ठरेपर्यंत पंचायतीतले १०० एमबीपीएस पंचायतीतच राहतात.

आता मोबाइल. ४जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी सरकारनेच जुलै २०२२मध्ये २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. शिवाय टॉवरलाही मागून भरवशाची जोडणी लागते. ती तोकडी असेल तर सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसूनही पान उघडत नाही. आणि घरात एकच फोन असेल तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के होत्या, पुरुष ४८.७ टक्के. याला आळस म्हणणं क्रूर आहे.

प्रशिक्षणाचा आकडा मात्र खरा. मार्च २०२४मध्ये संपलेल्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात ६ कोटींहून अधिक लोक शिकले. पण घरटी एकच जण, तोही २० तासांपुरता. सरावाला यंत्र कोणतं, याची तरतूद त्यात नव्हती.

आपल्या गावाची स्थिती पाहायला पाच मिनिटं लागतात. कार्यालयातल्या ओएनटीवरचे दिवे पाहा. एकही लागत नसेल तर आधी वीज, अडॅप्टर आणि बॅटरी तपासा. ‘लॉस’चा लाल दिवा असेल तर प्रकाश येत नाही : केबल तुटली आहे, जोड सुटला आहे किंवा पॅचकॉर्ड (यंत्राला जोडणारी छोटी फायबर वायर) मुडपली आहे. ‘पॉन’ हा फायबर जोडणीचा दिवा हिरवा स्थिर असूनही इंटरनेट नसेल तर दोष फायबरचा नाही, पुढच्या सेटिंगचा किंवा न घेतलेल्या जोडणीचा. दिव्यांचा फोटो तारखेसह काढा, तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तो नोंदवायला लावा.