सात-बाराची बस

आमची मुलगी वर्षभरासाठी जर्मनीला गेली आणि तिच्या बदल्यात आम्हाला सहा फूट दोन इंचांचा एक जर्मन मुलगा मिळाला. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणतात ती हीच. घेवाणीची मापं मात्र आधी कोणी सांगत नाही. गणवेशाची तयार पँट आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात त्याला गुडघ्याखाली येऊन थांबे. शेवटी शिंप्याने रात्रीचा दिवस करून शिवून दिली.

परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत सरकारला तसा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो भरला तेव्हा मला वाटलं, अवघड ते संपलं.

पोरगा गोड होता. खोड एकच. येण्याआधी मोबाइलवर हिंदी शिकला होता आणि त्यातला सगळ्यात पक्का झालेला शब्द होता 'क्यों'. शनिवारी रात्री आला. रविवारी सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला तसा धावत बाहेर गेला, उंडे म्हणजे गोल पाव घेऊन आला आणि माझ्या हातातल्या वर्तमानपत्राकडे बघत विचारलं, घरात तुम्ही कोकणी बोलता ना? मग पेपर मराठी, क्यों?

आता या प्रश्नावर गोव्यात मित्रांनी मित्रांशी बोलणं टाकलेलं आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यालासुद्धा कोकणी राजभाषा म्हटल्यावर पुढे मराठीसाठी वेगळी सोय करावी लागली. तिथे रविवारी सकाळी, चहाच्या आधी, मी काय सांगणार? "कोकणीत भांडतो, मराठीत आरती म्हणतो," एवढं सांगून मी त्याला भाजी वाढली.

संध्याकाळी त्याने विचारलं, उद्या बस किती वाजता?

आमच्या थांब्यावर बस येते तेव्हा येते. पण हे सांगायची लाज वाटली. दुपारीच मुलीचा फोन आला होता, तिच्या थांब्यावर वेळापत्रक लावलंय आणि शाळेची बस सात बाराची आहे म्हणून. माझ्याही तोंडून निघून गेलं, "सात बारा." महाराष्ट्रात सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा. आमच्याकडे त्याला 'एक-चौदा' म्हणतात, म्हणून निदान तसा तरी अर्थ कोणी काढणार नाही, एवढाच काय तो दिलासा. पोराने वहीत लिहून घेतलं.

सोमवारी सात दहाला आम्ही छत्री घेऊन थांब्यावर. ऑगस्टातला पाऊस, आडवा. सात बाराला पोरगा पाऊल पुढे टाकून उभा राहिला. सात वीसला त्याने पाऊल मागे घेतलं. सात अठ्ठावीसला बस आली. "फाटीं वच, फाटीं वच, जागो आसा!" मागे जा, जागा आहे, असं कंडक्टर ओरडत होता. जागा होती म्हणजे कुठे होती, ते त्यालाच ठाऊक. पोरगा छताला मान टेकवून उभा राहिला. तेवढ्यात समोर बसलेल्या एका मावशींनी काही न बोलता त्याचं दप्तर खेचलं आणि मांडीवर घेतलं. त्याचा चेहरा पांढऱ्याचा आणखी पांढरा झाला.

"क्यों?"

"धरतात त्या."

"ओळखतात?"

"नाही रे."

हेच वाक्य वहीत कसं लिहायचं, या विचारात तो शाळेपर्यंत गप्प होता.

शाळेच्या कार्यालयात वेगळंच. दाखले तपासणाऱ्या बाईंनी त्याचं प्रगतिपुस्तक उघडलं आणि चष्मा वर केला. गणित १. भौतिकशास्त्र १. इंग्रजी २. फ्रेंच ४. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते घरात कोणी गेलं की बघतात तसं. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "शंभरातले?"

पोराला एवढंच कळलं की गणिताबद्दल चाललंय. त्याने छाती फुगवून एक बोट वर केलं. "एक! बहुत अच्छा!"

"आत्मविश्वास आहे," बाई म्हणाल्या. "पण सायन्सला कसं घेणार? फ्रेंच त्यातल्या त्यात बरं दिसतंय. आर्ट्सला टाकूया?"

जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे साफ नापास, हे समजावून सांगायला मला पाऊण तास आणि प्राचार्य लागले. बाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. चाराने कसाबसा तरलेला विषयच त्यांच्या मते पोराची आशा होती. तालुक्याच्या रकान्यात त्यांनी 'फोंडा' लिहिलं, तेवढं मात्र कोणी काही न विचारता जमलं.

वर्गात त्याला पोचवून मी व्हरांड्यात रेंगाळलो. सर आत आले. सगळा वर्ग ताडकन उठला, "गुऽऽड मॉर्निंऽग सऽऽर!" पोरगा बसलेलाच. सगळे का उठले म्हणून त्याने आधी खिडकीकडे पाहिलं, मग छताकडे. शेवटी तोही उभा राहिला, तेव्हा बाकीचे बसले होते. मी छत्री घेऊन सटकलो.

दुपारचा डबा तसाच परत आला नाही, हे आईचं यश. मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी त्याने चाटूनपुसून खाल्ल्या. पण रात्री ताटात कालचं माशाचं हुमण नाही बघून विचारलंच. सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, असं आईने सांगितलं. त्यावरचा 'क्यों' तिने ऐकू न आल्यासारखं करून उडवून लावला. ही युक्ती मला आधी सुचायला हवी होती.

साडेसातला मुलीचा फोन आला होता, तिकडे चार वाजलेले. तिचाही पहिलाच दिवस. "बाबा, सर वर्गात आले आणि मी उभी राहिले. एकटीच! कोणी हललंसुद्धा नाही. सरांना वाटलं मला बाहेर जायचंय. त्यांनी बोट करून बाथरूम दाखवलं."

"मग?"

"मग काय, गेले. पाच मिनिटं तिथेच उभी होते."

मंगळवारी पोरगा शहाणा झाला होता. सात दहाला तो घरात दुसरा उंडा फोडत होता. मी चहा घेत होतो, मुलाने एका दिवसात गोवा आत्मसात केला म्हणून मनात सुखावत. आम्ही रमतगमत निघालो, तर वळणावरून बसचं मागचं टोक दिसेनासं होत होतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, आज वेळेवर गेली. मी घड्याळ पाहिलं. सात तेरा.

पोराने माझ्याकडे पाहिलं. शाळेत काल दिवसभरात पोरांनी त्याला कोकणीतला एकच शब्द शिकवला होता, 'क्यों'चा.

"कित्याक?"