कॅमेरे मोजताय, पण उन्हात दिसतंय का?

आज चोपड्यात मोबाइलच्या दुकानात डोकं फिरलं. एक केळीवाले काका फोन बघत होते. त्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, उनमा दिखस का?" विकणारा पोरगा म्हणतो, "काका, १०८ मेगापिक्सेल आहे!"

अरे, विचारलं काय, सांगतोस काय! ते १०८ वाले फोन नेहमीच्या सेटिंगला नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. शेजारचे २ मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारा) आणि डेप्थ (मागचं धूसर करायला मदत करणारा) कॅमेरे म्हणजे निव्वळ भरती. लग्नात लांबून स्टेजचा फोटो घ्यायला कॅमेरा बरा लागतो, मान्य. पुढे?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. बागेत उभं राहून केळीचा भाव बघायचा तर स्क्रीनचे निट्स, म्हणजे उजेडाचं माप, विचारा. खोक्यावरचा 'पीक' आकडा सोडा, तो स्क्रीनच्या लहानशा तुकड्यापुरता असतो. 'हाय ब्राइटनेस मोड'चा, म्हणजे उन्हात पूर्ण स्क्रीनला मिळणाऱ्या उजेडाचा आकडा बघा, आणि सरळ फोन घेऊन दुकानाबाहेर भर उन्हात उभे राहा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या. फोन तापला की स्वतःच उजेड कमी करतो, चार्जिंगही मंदावतं. तेव्हा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवायचा नाही.

दुसरं, बोटाचा सेन्सर. घड कापणाऱ्याच्या बोटांना चीक लागलेला, रेषा झिजलेल्या. स्क्रीनखालचा ऑप्टिकल, म्हणजे उजेड पाडून बोट वाचणारा सेन्सर तिथे रुसतो. बाजूच्या बटणातला त्यापेक्षा बरा. तरी अडलंच तर तोच अंगठा दोनदा नोंदवा: एकदा धुतलेला, एकदा कामावरून आल्यावरचा.

पोराला तरी किती बोलणार म्हणा. त्याला जे पाठ करायला दिलंय तेच तो म्हणतो. पण काका 'उनमा' म्हणतायत आणि हा '८ अधिक ८ जीबी रॅम' सांगतोय! त्यातले मागचे ८ म्हणजे फोनच्या स्टोरेजमधून उसने घेतलेले, खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, जागा तरी सुटेल.

सिमचा ट्रे ओढून बघा. हायब्रिड असेल तर दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं. आणि आयपी६८ म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, त्याची चाचणी साध्या स्वच्छ पाण्यात होते, ठिबकच्या खताच्या पाण्यात नाही. डिस्प्ले बदलायला फोन एकदा उघडला की पाणी अडवणाऱ्या सीलचाही भरवसा धरू नका.