वेटरचा पगार कुणी द्यायचा?

हॉटेलच्या बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावता येणार नाही, ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे मित्र मला हमखास ऐकवतात, "तुमच्या अमेरिकेत बघा, वीस टक्के टिप देतात, वेटरची कदर करतात. आपल्याकडे दहा रुपये ठेवतानाही हात आखडतो." हात आखडतो हे खरं. पण टेक्सासमध्ये राहून मला ती कदर कुठे दिसलेली नाही.

इथे टिप मिळवणाऱ्या वेटरला मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी कायद्याला चालतं. हा केंद्रीय आकडा १९९१ पासून हललेला नाही. सव्वासात डॉलरच्या किमान वेतनातली उरलेली रक्कम टिपांतून यावी, कमी पडली तर मालकाने भरावी, असा नियम आहे. पण मागणार कोण? ज्याच्याकडे मागायची, शिफ्ट लावणाराही तोच. शनिवारची रात्र मिळाली की मंगळवारची दुपार, यावर वेटरचं घरभाडं निघणार की नाही ते ठरतं. गिऱ्हाईक लगट करायला लागलं तरी पोरी हसून सोडून देतात, कारण त्यांचा पगार त्याच्या खिशात असतो. म्हणून मी इथे वीस टक्के न चुकता ठेवते, जेवण उशिरा आलं तरीही. कॅलिफोर्नियात मात्र टिपेच्या नावाखाली किमान वेतन कापता येत नाही, आणि तिथेही हॉटेलं चालतातच.

आपल्याकडच्या हॉटेलमालकांच्या संघटना म्हणतात, सर्व्हिस चार्जचा पैसा कर्मचाऱ्यांनाच जातो. काही ठिकाणी जातही असेल. मग थाळीचा दर तेवढा वाढवा आणि तो पैसा पगारात घाला, मोरीवर भांडी घासणाऱ्याच्यासुद्धा. सोसायटीच्या वॉचमनला दिवाळीची पोस्त देण्याचा आपला रिवाज मला फार आवडतो. ती पगारावर वरकड मिळते, पगार कापून नाही.

मला जास्त धास्ती वाटते ती ॲपची. गाडी यायच्या आधीच टिप टाका म्हणजे लवकर मिळेल, अशी सोय निघाली आणि मे २०२५ मध्ये प्राधिकरणाला उबरला नोटीस काढावी लागली. सेवेआधी मागितलेला पैसा भाड्यातच दिसायला हवा. भर पावसात चार मजले चढून जेवण आणणाऱ्या मुलाच्या हातावर पन्नास रुपये जरूर ठेवा. त्याच्या पेट्रोलचा आणि अपघाती विम्याचा खर्च मात्र कंपनीनेच उचलायचा आहे.