‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाकाच्या दुसऱ्या ऑपरेशनवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली आणि ती मी काढलेली नाही. शेवटी तुम्ही ‘हिंमत असेल तर ठेवा’ असं म्हणाला होतात, म्हणून हे आधी सांगते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा: मी डॉक्टर नसताना लोकांना घाबरवते. दुसऱ्या ऑपरेशनआधी ‘वर्षभर थांबा’ हे मी काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखं लिहिलं, अपवाद सांगितले नाहीत. किरकोळ खोट राहिली तर फिलर (खोलगट जागा भरायला त्वचेखाली टोचतात ते इंजेक्शन) भरून घ्यावं, एवढं रामायण कशाला. माझ्यामुळे तुमच्या मामेबहिणीनं तिचं पहिलंच ऑपरेशन पुढे ढकललं. आणि मग हे वाक्य: ‘ज्यांना पहिलं नाक पसंत पडत नाही त्यांना दुसरंही पडत नाही, कारण प्रश्न नाकाचा नसतो, डोक्याचा असतो.’

बाकीचं नंतर बघू. आधी हे वाक्य.

मतभेदाचं मला वावडं नाही. याच ब्लॉगवर लोकांनी मला तोंडावर चुकीचं ठरवलंय आणि त्यांच्याशी माझं आजही छान बोलणं होतं. पण या वाक्यापुढे तुम्ही जो हसरा चेहरा चिकटवला आहे, त्याला मत म्हणत नाहीत. टोपणनाव ‘स्पष्टवक्ता’ घेतलं की उद्धटपणाला परवाना मिळतो, असा तुमचा समज झालेला दिसतो.

आता माझ्या ‘डोक्याबद्दल’. पहिल्या ऑपरेशनात माझ्या नाकावरचा उंचवटा काढला. नाक सरळ दिसायला लागलं, फोटोत तर फारच छान. लोकांनी कौतुक केलं, मीही खूश होते. मग सूज उतरत गेली तसा श्वास कोंडत गेला. जिना चढताना खोल श्वास घ्यावा तर उजव्या बाजूनं नाक आत ओढलं जायचं. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी घशाला कोरड. गाल बोटानं जरा बाहेर ओढला की हवा आत यायची, सोडला की पुन्हा बंद. कान-नाक-घशाचे डॉक्टरही तपासताना हेच करून बघतात, त्याला कॉटल चाचणी म्हणतात. गाल ओढल्यावर मोकळं होणारं डोकं अजून माझ्या पाहण्यात नाही.

असं का होतं, तेही लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल. नाकाच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंच्या कूर्चा दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला वरून जोडलेल्या असतात आणि तिथला कोन हीच नाकातून जाणाऱ्या हवेची सगळ्यात अरुंद वाट. उंचवटा कापताना हा जोड तुटला आणि तो परत नीट उभा केला नाही, तर त्या कूर्चा आत कलंडतात. बाहेरून प्रकाशात नाकावर उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखी सावली दिसते, आतून श्वास अडतो. जॅक शीन या सर्जननी १९८४ मध्ये यावर ‘स्प्रेडर ग्राफ्ट’ मांडला: पडद्याच्या दोन्ही अंगांना कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवून ती वाट पुन्हा रुंद करायची. माझ्या दुसऱ्या ऑपरेशनचा मुख्य भाग तोच होता. जगभरचे सर्जन चाळीस वर्षं ही पट्टी बसवताहेत, ती काय लोकांचा गैरसमज दूर व्हावा म्हणून?

दुसरं ऑपरेशन करून घेणारी माणसं म्हणजे कोणी विरळा विक्षिप्त जमातही नाही. पहिल्या ऑपरेशननंतर पुन्हा दुरुस्ती लागण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के सांगितलं जातं. त्यात वाकडं राहिलेलं हाड असतं, शेंड्याची कूर्चा जास्त कापल्यामुळे चिमटलेली किंवा वर खेचली गेलेली नाकपुडी असते, आधार कमी उरल्यामुळे मधेच खचलेलं नाक असतं. ही सगळी डोक्याची प्रकरणं?

हो, एक गोष्ट मान्य करते, म्हणजे मी एकतर्फी लिहिते असं व्हायला नको. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर नावाचा आजार आहे. इतरांना दिसणारही नाही अशा दोषानं माणूस पछाडला जातो, आणि नाक करून घ्यायला येणाऱ्यांत हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. जाणता सर्जन त्याची चौकशी करतो आणि शंका आली तर ऑपरेशनला नकार देतो. मलाही ते प्रश्न विचारले होते. आरशासमोर किती वेळ जातो, कुणाला भेटणं टाळता का, या नाकावाचून आयुष्यात काय अडलंय. मला राग आला नाही, कारण विचारणारा माणूस समोर बसून विचारत होता आणि उत्तर ऐकायला थांबला होता.

आणि ‘घाबरवता’ म्हणजे नेमकं काय हो? दुसऱ्या ऑपरेशनकडून किती अपेक्षा ठेवावी एवढंच मी लिहिलं. आधी ऑपरेशन झालेल्या नाकात थर एकमेकांना चिकटलेले असतात, आत व्रण असतो, रक्तपुरवठ्याची वाट बदललेली असते. पडद्याची कूर्चा हे ग्राफ्टसाठी, म्हणजे बसवायच्या तुकड्यांसाठी, पहिलं भांडार, पण पहिल्या वेळीच ती वापरली गेली असेल तर सर्जन तरी काय करणार? पडद्याचा पुढचा आणि वरचा साधारण १ सेंटिमीटरचा पट्टा आधारासाठी सोडावाच लागतो, त्याला हात लावला तर नाक खचतं. मग कान. कानाची कूर्चा मऊ आणि वळणदार, नाकपुडीच्या कडेला छान बसते, पण भार घ्यायला नको म्हणते. भार घ्यायचा तर बरगडी. ती दणकट, भरपूर, पण वाकण्याची खोड असलेली. शिवाय छातीवर व्रण आणि खोकताना-हसताना काही काळ कळ. नंतर नाकाचा शेंडा आधीसारखा लवचिक राहत नाही, बोटाला टणक लागतो. मला हे ऑपरेशनच्या आधी माहीत होतं म्हणून मी निभावलं. आधी सांगितलेल्या गोष्टीला घाबरवणं म्हणायचं आणि नंतर कळलेल्या गोष्टीला काय म्हणायचं?

त्वचेबद्दल लिहिलं तेही तुम्हाला खटकलं. जाड त्वचा आतलं सुबक काम झाकते, पातळ त्वचा ग्राफ्टची कडसुद्धा दाखवते, आणि दोन्ही प्रकारांत सर्जनचा हात त्यापुढे जात नाही. म्हणून ‘सुधारणा’ म्हणा, ‘परफेक्ट’ म्हणू नका, असं मी लिहिलं. ज्याचं समाधानच होत नाही असा माणूस हे वाक्य लिहील का, एवढा तरी विचार करायचा.

फिलरवर मात्र गप्प बसणार नाही. ऑपरेशन झालेल्या नाकात रक्तवाहिन्यांची रचना बदललेली असते. फिलर चुकून वाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ‘भरून घ्यावं’ हा सल्ला हसत हसत देणाऱ्यानं दुसऱ्याला ‘डॉक्टर नसताना’ असं म्हणणं म्हणजे नाकानं कांदे सोलणं झालं.

मी डॉक्टर नाही. लेखाच्या पहिल्या ओळीत लिहिलंय.

वर्षभर थांबण्याचं. सूज शेवटी शेंड्यावरून उतरते, जाड त्वचेत त्याला वर्षापेक्षाही जास्त वेळ लागतो, आतला व्रण मऊ व्हायलाही तेवढाच. त्याआधी चाकू लावला तर सर्जन सुजेवर ऑपरेशन करत असतो. अपवाद आहेत, बरोबर: जंतुसंसर्ग झाला, बसवलेलं इम्प्लांट त्वचेतून डोकावायला लागलं, तर कुणी वर्ष मोजत बसत नाही. शेंड्याच्या वरचा फुगवटा निव्वळ व्रणाचा असेल तर मधल्या काळात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ही ओळ लेखात वाढवली आहे. त्यासाठी आभार. हेच तुम्ही दोन वाक्यांत, हसरा चेहरा न चिकटवता लिहिलं असतं तर हे एवढं लांबलंच नसतं.

राहता राहिली तुमची मामेबहीण. तिनं पुढे ढकललं, रद्द केलं नाही, हे तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. या मोकळ्या वेळात तिला सर्जनला एवढं विचारू दे: उंचवटा काढल्यावर मधला भाग कसा उभा करणार, पडद्याची कूर्चा किती काढणार, किती ठेवणार, आणि दुरुस्ती लागलीच तर ती स्वतः करता का. संगणकावरचं नवं नाक दाखवून विषय बदलला गेला तर दुसऱ्याकडेही जाऊन यावं. सिगारेट ओढत असेल तर आधी काही आठवडे बंद, निकोटिननं त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो. याहून जास्त काही हवं असेल तर तिनं स्वतः लिहावं, मी सविस्तर उत्तर देईन. तुमच्यामार्फत नको.