घ्या, तुम्हीच घ्या हे ऊन

परवा नाशिकहून चुलतनणंदेचा मेसेज. ‘आठ दिवस सूर्य दिसला नाही गं. कपडे वाळत नाहीत, सगळ्याला कुबट वास. तुमची काय बाबा मजा आहे, बारा महिने ऊन!’ पुढे तीन पिवळे सूर्य आणि गॉगल घातलेला एक हसरा चेहरा.

हा मेसेज मी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनमध्ये स्वयंपाकघरात उभी राहून वाचला. अंगात स्वेटर, वर शाल, पायात मोजे. जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा, बाहेर लख्ख ऊन, आणि घरात १३ अंश. हो, घरात. कारण इथली घरं बांधताना कुणाच्या तरी डोक्यात पक्कं बसलं की हा उन्हाचा देश आहे, इथे थंडी कशाला पडेल? एकेरी काच, दाराखालून बोट जाईल एवढी फट, भिंतीत नावालाही काही भरलेलं नाही. बाहेर पडलं की स्वेटर काढायचा, घरात आलं की घालायचा. आणि ‘घरात थंडी वाजते’ असं तिकडे फोनवर सांगितलं की लोक हसतात.

इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘सनशाइन स्टेट’ असं लिहिलेलं असतं. नऊ वर्षांपूर्वी आले तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक! पहिल्याच आठवड्यात पाटीसकट फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. आता सिग्नलला पुढच्या गाडीवर ते दोन शब्द दिसले की दात-ओठ खाते.

आपल्याकडे ऊन खातात. थंडीत अंगणात पाठ करून बसायचं, शेंगा सोलायच्या, बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायचं. इथे ऊन खायची सोय नाही, ऊनच माणसाला खातं. अतिनील किरणांचा आकडा ३ झाला की टोपी, क्रीम, लांब बाह्या, गॉगल सगळं चढवा असा सरकारी सल्ला. ब्रिस्बेनमध्ये भर हिवाळ्यातसुद्धा दुपारी तो आकडा ३ ओलांडतो. उन्हाळ्यात साडेसात-आठलाच ओलांडतो आणि दुपारी ११-१२ च्याही वर जातो. म्हणजे कोवळं ऊन ही भानगडच नाही, जन्मतःच जून. आणि याचा गरमीशी काही संबंध नाही हे कळायला मला एक अख्खी मान भाजून घ्यावी लागली. २२ अंशांचा झुळझुळ वाऱ्याचा दिवस होता, आम्ही समुद्रावर गेलो, छान वाटत होतं. रात्री ब्लाउज मानेला लागला की ओरडत होते. हवा स्वच्छ, धूळ-धूर नाही, शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकं इथल्या ऐन उन्हाळ्यात, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ. सगळं जुळून आलंय, पत्रिका जुळावी तसं.

शाळेत नियम आहे: टोपी नाही तर खेळ नाही. माझा मुलगा एकदा टोपी विसरला तर मधल्या सुट्टीभर शेडखाली बाकावर बसून होता. शाळेचं बरोबरच आहे म्हणा. कातडीच्या कॅन्सरमध्ये हा देश जगात पहिल्या रांगेत. सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांतल्या दोघांना कुठला ना कुठला कातडीचा कॅन्सर निघतो म्हणतात, अर्थात गोऱ्या कातडीत जास्त. ऑफिसात लोक आपल्याकडे दात साफ करून घ्यावेत तितक्या सहज सांगतात, ‘नाकावरचा एक काढून घेतला काल.’

आणि आता ऐका मजा. सारखी दमत होते, पाय दुखत होते, म्हणून रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व तळाला! डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘तुम्ही उन्हात जात नाही का?’ अहो बाई, तुमच्याच दवाखान्याच्या भिंतीवर उन्हात जाऊ नका असं भलंमोठं पोस्टर आहे, त्याच्याखाली बसून मी पाऊण तास तुमची वाट बघत होते! मग कळलं की सावळ्या कातडीला ते जीवनसत्त्व बनवायला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. सूचना मात्र गोऱ्या कातडीच्या मापाने शिवलेल्या. आता रोज सकाळी ‘सनशाइन स्टेट’मध्ये बसून मी डबीतून ऊन गिळते. डबीवर सूर्याचं चित्र आहे.

डिसेंबरात हा सूर्य पावणेपाचला उगवतो, उजाडतं त्याच्याही आधी. आणि पावणेसातला गुडूप. संध्याकाळी ऑफिसातून येऊन पोराला बागेत न्यावं तर अंधार. घड्याळ एक तास पुढे करा ना! शेजारचं न्यू साउथ वेल्स करतं. आमच्या क्वीन्सलंड राज्याने तीन वर्षं करून पाहिलं आणि १९९२ मध्ये लोकांचं मत घेतलं, तर ५४.५ टक्के म्हणाले, नको. गाईंचं दुधाचं वेळापत्रक बिघडेल, पडद्यांचे रंग उडतील, असले विनोद लोक अजून सांगतात. परिणाम असा की उन्हाळ्यात राज्याच्या सीमेवर रस्त्याच्या अलीकडे पाच आणि पलीकडे सहा वाजलेले असतात. बांधकामवाल्यांना साडेसहापासून आवाज करायची कायद्याने मुभा, त्यामुळे समोरच्या प्लॉटवर ड्रिलिंग सुरू होतं तेव्हा आपण दोन तास आधीच उठून बसलेलो असतो. आमच्याकडे म्हणतात ना, माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत? माझे उन्हानेच झालेत.

सणांचं तर विचारूच नका. संक्रांतीला तिळगूळ का, तर थंडी असते, अंगात उष्णता हवी. इथे १४ जानेवारीला ३३ अंश आणि घामाच्या धारा. वड्या थापल्या तर चिकट लगदा, हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिळगुळाला हात लावत नाहीत, पन्हं मागतात. आणि ज्याचं कौतुक करायचं ते उत्तरायण म्हणजे इथे दिवस लहान होत जाणं. सूर्य आमच्यापासून लांब निघालेला आणि आम्ही काळ्या साड्या नेसून त्याला गोड बोल म्हणतोय.

पण माझं डोकं खरं फिरलं ते कुरडयांवरून.

आई आली होती, व्हिजिटर व्हिसावर. बहात्तर वर्षांची. कायमची आणावी म्हटलं तर आईवडिलांच्या व्हिसाची साधी रांग तीस वर्षांहून लांब. पैसे भरून घ्यायचा तो माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर, आणि त्याच्यातही दहा वर्षांवर वाट बघा. तिने हिशोब केला, म्हणाली, ‘मी एकशेदोन वर्षांची होऊन येते.’ असो. तर तिने बाल्कनीतलं ऊन बघितलं आणि तिचे डोळे चमकले. तीन दिवस गहू भिजवला, वाटला, चीक गाळला. माझ्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात तो शिजवला, गुठळी होऊ न देता, घाम पुसत. सोऱ्या ती नाशिकहून सामानात घेऊन आली होती. बाल्कनीत जुनी नऊवारी पसरली आणि तिच्यावर एकेक पांढरीशुभ्र कुरडई उमटत गेली. सत्तरएक असतील. मग खुर्ची टाकून, हातात फोडणीची पळी घेऊन राखणीला बसली. इथल्या कावळ्यांचे डोळे पांढरे असतात आणि ओरडणं असं की कुणी पोर रडतंय. ती त्यांनाही ‘हाड’ म्हणत होती, मराठीत. नऊ वर्षांत त्या बाल्कनीत पहिल्यांदा कुणी माणूस बसलं होतं.

दुपारी तीनला सोसायटीच्या मॅनेजरचा ईमेल. सोबत खाली रस्त्यावरून काढलेला फोटो, कठड्यावरून लोंबणाऱ्या नऊवारीच्या काठाभोवती लाल गोल. बाल्कनीत बाहेरून दिसेल असं कापड वा इतर वस्तू वाळत घालणं नियमात बसत नाही, कृपया आजच काढावं, इमारतीच्या दर्शनी रूपाला बाधा येते. दर्शनी रूप! पाच मजली खोकं, राखाडी रंगाचं! या इमारतीतले सगळे लोक बाहेर असं रणरणतं ऊन असताना घरात विजेच्या मशीनमध्ये चड्ड्या-बनियन गरगर फिरवून वाळवतात आणि मग विजेच्या बिलाच्या नावाने बोटं मोडतात. ते चालतं.

आईला वाचून दाखवलं. तिने पळी खाली ठेवली. ‘ऊन काय यांच्या बापाचं आहे?’ एवढंच म्हणाली.

मी भांडले. उलट ईमेल लिहिला, चार परिच्छेद. उत्तरात नियमाचा क्रमांक आला. आम्ही अर्ध्या ओल्या कुरडया आत आणल्या, जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, इस्त्रीच्या टेबलावर. रात्रीत त्यांना आंबूस वास यायला लागला. उरल्या त्या ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवल्या. कडा तपकिरी, मधे चिवट. तळल्या तर फुलल्याच नाहीत. आई म्हणाली, ‘असू दे, गव्हाचा दोष असेल.’ गव्हाचा नव्हता. दोन आठवड्यांनी ती गेली आणि खुर्ची पुन्हा आत आली.

तर नणंदबाई, मेसेज पोचला. तुम्ही डिसेंबरात सगळे येताय, ‘ऊन खायला’, हेही वाचलं. या. रुंद काठाच्या टोप्या आणा, इथे फार महाग पडतात. क्रीम मी देते, बादलीभर आहे. पेढे आणि कढीपत्ता अजिबात आणू नका, विमानतळावर काढून घेतात. आणि पाऊस उघडला की गच्चीवर माझ्यासाठी थोड्या कुरडया घाला गं. पिशवीवर नीट नाव लिहा आणि सामानात काय आहे ते विमानात भरायच्या कार्डावर खरं सांगा. दोन किलो पुरेत.