मध्यम शहर, उत्तम गैरसोय

व्यावसायिक परिषद भरवायची आहे आणि महानगर परवडत नाही? मग मध्यम आकाराचं शहर घ्या. त्या शहरांत वाईट काहीच नाही, ती निवडायची कशी यात खरी कला आहे. ही कला गेल्याच महिन्यात दोन दिवस सोसून आलोय, म्हणून हा अनुभवी सल्ला.

माहितीपत्रकात तळ्याकाठचा सूर्यास्त असेल तर पुढचं वाचू नका. सही करा.

सभागृह बघायचंच असेल तर रविवारी सकाळी बघा. रस्ते मोकळे, पार्किंग मोकळं, वायफाय नुसतं धावतं. 500 माणसं फोन आणि लॅपटॉप घेऊन बसल्यावर त्याचं काय होतं, ते माणसं आल्यावर कळेलच.

क्षमता विचारा, मांडणी विचारू नका. 'आसनक्षमता 500' ही नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावून मोजलेली असते. लिहायला टेबलं मांडली की जवळपास निम्मी. उरलेल्यांनी भिंतीला टेकावं.

खांब? ते असतातच.

हॉटेलात राखीव खोल्यांचा आकडा सढळ हाताने लिहा. बुकिंग ठरलेल्या टक्क्यांखाली गेलं, तर न आलेल्या पाहुण्यांचंही भाडं भरायचं कलम अशा करारांत सहसा असतं. पण कलमं वाचायला वेळ कुणाला?

आता विमान. 'विमानतळ आहे' एवढं उत्तर पुरे. दिवसाला किती उड्डाणं, थेट किती, शेवटचं कधी, असले प्रश्न शंकेखोर माणसं विचारतात. पत्रिकेत 'फक्त दीड तासाचा प्रवास' असं छापा; मधे विमान बदलायला लागणारे 4 तास छापायची गरज नाही. आमचं परतीचं शेवटचं विमान होतं 6:40 ला. सभागृहापासून विमानतळ सव्वा तास. वर तासभर आधी पोचायचं. म्हणजे 4:25 ला गाडीत बसायलाच हवं. आणि समारोपाचं सत्र कधी? साडेचार ते सहा! चौथीतल्या पोराला जमेल असं हे गणित. समितीत 9 जण होते, एकालाही जमलं नाही? जेवण झालं आणि बॅगांच्या चाकांची खडखड सुरू झाली. साडेचारला मी व्यासपीठावर उभा, समोर 400 खुर्च्या आणि 14 माणसं. त्यातले दोघे ध्वनिव्यवस्थेचे, एक खुर्च्या उचलायला आलेला. तो तेवढा टक लावून ऐकत होता. मी कधी संपवतो, याची वाट बघत. त्यानंतर हॉटेलात गेलो, तर राखीव खोल्यांची मुदत दुपारी 12 लाच संपलेली. वक्त्याला रात्र काढायला खोली नाही!

हेच शहर का, असं विचारल्यावर अध्यक्ष म्हणाले, "हवा छान आहे."

हवा? अहो, माणसं तिकिटं काढून, कामं सोडून येतात ती हवा खायला? आधी उड्डाणांचं वेळापत्रक उघडा. शेवटच्या विमानापासून उलटं मोजत या आणि समारोप त्याआधी उरका. नाही बसत? मग दुसरं शहर बघा, नाहीतर दुपारी संपवा. एक फोन करायचा कंटाळा तुमचा, आणि हाल आमचे. वर अभिप्रायाचे फॉर्म वाटले समारोपानंतर, उरलेल्या 11 जणांना. आणि आता अहवालात लिहिताय, तक्रारी आल्या नाहीत!